खेपेचा खर्च वहीत लिहिता ना?



घरी बसून चार पैसे मिळवणाऱ्या भगिनी आता गावोगाव आहेत. कोणी पापड-कुरड्या करते, कोणी फॉल-पिको करून देते, कोणी ब्लाऊजपीस नि अस्तर विकते. कष्ट भरपूर, गिऱ्हाईकही येतं. पण वर्षअखेरीला हाती काय उरलं, याचं उत्तर सापडत नाही. पुष्कळदा ते पैसे माल आणण्याच्या खेपांत गेलेले असतात.

आपण वहीत लिहितो, ‘अस्तर १०० मीटर, ५,००० रुपये.’ बसचं तिकीट घरखर्चातून जातं, रिक्षाचे पैसे पर्समधून जातात, आणि आपला दिवस तर कुठेच लिहिला जात नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. आपापले घालून बघावेत. समजा, अंजनगाव सुर्जीची एक भगिनी अमरावतीहून अस्तर आणते. वर्षाला १,२०० मीटर खपतं. हमाली नि सामानाचं भाडं धरून मीटर ५० रुपयांना पडतो, ती ५५ ला विकते. म्हणजे वर्षाचा नफा ६,००० रुपये, असं ती धरून चालते.

आता तिची एक खेप बघा. एसटीचं जाणं-येणं ११०, रिक्षा ५०, चहा-फराळ ४०, आणि शिलाईचा दिवस बुडाला त्याचे २५०. झाले ४५०. हमाली मालाप्रमाणे वाढते, म्हणून ती मीटरच्या भावात धरली. पण हे ४५० मात्र ५० मीटर आणा की ३०० मीटर, तेवढेच लागतात. ती दर महिन्याला १०० मीटर आणते. १२ खेपांचे ५,४०० झाले, म्हणजे मीटरमागे साडेचार रुपये!

“मग वर्षाचं एकदमच आणावं!” असं कोणी म्हणेल. पण तेही परवडत नाही बरं. बचत गटातून शेकडा २ रुपये महिना व्याजाने पैसे उचलले असतील, तर ५० रुपयांचा मीटर कपाटात पडून महिन्याला १ रुपया खातो, वर्षाला १२. स्वतःचे पैसे घातले तरी बँकेतलं व्याज बुडतंच. माल हळूहळू खपतो, म्हणून आणलेल्याच्या निम्मा माल सरासरी घरात असतो असं धरावं. सगळा एकदम आणला तर ६०० मीटरचं व्याज ७,२०० आणि खेपेचे ४५०. नफा राहिला बाजूला, पदरचेच १,६५० गेले!

मधल्या वाटा अशा आहेत (आधी खेपांचा खर्च, मग व्याज):

१०० मीटर, १२ खेपा : ५,४०० + ६०० = ६,०००
२०० मीटर, ६ खेपा : २,७०० + १,२०० = ३,९००
३०० मीटर, ४ खेपा : १,८०० + १,८०० = ३,६००
४०० मीटर, ३ खेपा : १,३५० + २,४०० = ३,७५०

पहिल्या ओळीत सगळाच नफा गेला. वर्षभर राबून हाती शून्य! तिसऱ्या ओळीत २,४०० उरले. तिथे खेपांचा खर्च आणि व्याज सारखं आहे, हे लक्षात आलं ना? हीच खूण. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये कारखान्यांसाठी हाच हिशोब मांडला होता. आपल्या कपाटालाही तो लागू पडतो. आणि आकडा अगदी काटेकोर हवा असंही नाही. २०० नि ४०० मीटरला फरक थोडाच पडतो.

दोन-तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली. खेप स्वस्त झाली, तेव्हा थोड्या जास्त खेपा परवडतात हे खरं. पण तिकीट निम्मं झालं म्हणून दिवस काही निम्माच बुडत नाही!

नासणाऱ्या मालाला हा हिशोब जसाच्या तसा लावू नये. आपल्या अंजनगावच्या मळ्यातली विड्याची पानं आणि पानपिंपरी बघा. वाळवलेली पिंपरी ठेवता येते. पानं तीन महिन्यांची भरून ठेवली तर कुजतीलच. तिथे खेपा जास्त होणारच, पण त्यांचा खर्च विक्रीच्या भावात धरलेला हवा.

शेजारीण तोच धंदा करत असेल तर पाळीपाळीने जा. एकीने दोघींचा माल आणला की खेप २२५ ला पडते. मग २०० मीटरच्या ६ खेपांना व्याजासकट २,५५० च लागतात, आणि एका वेळी १५,००० ऐवजी १०,००० च अडकतात.

तेव्हा पुढच्या खेपेपासून वहीत एक रकाना वाढवा : ‘खेप’. तिकीट, रिक्षा, फराळ आणि आपली दिवसाची मजुरी त्यात मांडा. मजुरी लिहिताना संकोच नको. घरच्या बाईचा दिवस फुकटचा नसतो, हे आधी आपल्याच वहीत दिसू द्या.