वीस संगणक की साठ मुलं?

दोस्तांनो, समजा मलकापूरच्या एका शाळेत वीस जुने संगणक आहेत आणि बुलडाण्याला एक दणकट सर्व्हर. तुम्ही मलकापूरला बटण दाबलंत, की काम होतं बुलडाण्यात आणि चित्र तेवढं राजूर घाट उतरून तुमच्या पडद्यावर येतं! हाच रिमोट डेस्कटॉप. मायक्रोसॉफ्टनं ही सोय १९९८ साली विंडोज एन.टी. ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आणली.

आता खरी गंमत. विंडोज सर्व्हरमध्ये असं लांबून एका वेळी दोघांनाच शिरता येतं, तेही देखभालीपुरतं. मुलांना त्यावर शिकायचं तर वेगळा परवाना, म्हणजे लायसन्स लागतं. शिवाय सर्व्हर वापरण्याचा साधा परवाना असतोच. जत्रेत फाटकाचं तिकीट वेगळं आणि पाळण्याचं वेगळं, तसंच हे!

हा परवाना माणसागणिक घेता येतो किंवा यंत्रागणिक. वीस संगणकांवर तीन तुकड्यांची साठ मुलं आळीपाळीनं बसत असतील, तर माणसागणिक साठ परवाने लागतील, यंत्रागणिक वीसच. "एका वेळी वीसच तर बसतात, मग माणसागणिक वीस पुरतील की!" असं कुणी म्हणेल. नाही पुरत. पण बाई शाळेतून, घरून आणि मोबाइलवरूनही काम करत असतील, तर त्यांच्या नावाचा एकच परवाना तिन्हीकडे चालतो.

फसगत होते ती मुदतीत. परवाने न घालताही ही सेवा १२० दिवस चालते, त्यामुळे सगळं आलबेल वाटतं. आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात. १ जुलैला सेवा बसवली, तर ऑक्टोबर संपता संपता दार बंद! तुमच्या फायली पुसल्या जात नाहीत, पण तुम्हाला आत जाता येत नाही. मुदत मागं ढकलायच्या युक्त्या सांगणारेही भेटतात. तो सरळसरळ कराराचा भंग आहे.

परवाना घेताना सर्व्हरचं सालही बघावं लागतं. २०२२ चा परवाना २०१९ च्या सर्व्हरला चालतो, उलट चालत नाही. खर्च झेपत नसेल, तर लिनक्सवर एक्सआरडीपी मोफत मिळतं, फक्त विंडोजचे सगळेच प्रोग्रॅम तिथं चालत नाहीत.

आता एक कोडं. चिखलीच्या एका कार्यालयात आठ संगणक आहेत. पाचच जण सर्व्हर वापरतात, पण प्रत्येक जण आपल्या घरच्या संगणकावरूनही. कोणते परवाने घ्यावेत आणि किती?

(उत्तर : माणसागणिक, पाच. यंत्रं मोजलीत तर तेरा होतात!)