एक क्वार्टर म्हणजे किती?

कॉलेजचा मुलगा दारूची तक्रार घेऊन दवाखान्यात येत नाही. तो येतो हनुवटी फुटली म्हणून, मनगट सुजले म्हणून, रात्रभर उलट्या झाल्या म्हणून. सोबतचा मित्र पुढे होऊन सांगतो, ‘बाथरूममध्ये पाय घसरला.’ टाके पडतात, टीटीचे इंजेक्शन होते आणि केसपेपरवर ‘पडून मार’ एवढेच उरते. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर इथल्या आपल्या दवाखान्यांतले सगळे केसपेपर चाळले, तरी या भागातले विद्यार्थी किती आणि कसे पितात याचा पत्ता लागणार नाही. दारूची नोंद आपण करतो ती हात थरथरू लागल्यावर, डोळे पिवळे झाल्यावर, म्हणजे बहुधा चाळिशीच्या रुग्णाची. विशीतल्या मुलाचे नुकसान त्याआधीच होऊन गेलेले असते, आणि ते व्यसनाने झालेले नसते. एका रात्रीने झालेले असते.

१९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. व्यसन हा आजार आहे, स्वभावदोष नव्हे, ही समज महाराष्ट्रात रुजवण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. त्याच वर्षी एडिंबराचे मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन क्रेटमन यांनी वेगळाच मुद्दा मांडला होता: दारूमुळे समाजात होणाऱ्या हानीचा मोठा हिस्सा अट्टल पिणाऱ्यांकडून येत नाही, बेताने पिणाऱ्यांकडून येतो, कारण त्यांची संख्याच कितीतरी जास्त असते. पहिला धडा आपण घेतला, दुसरा राहून गेला. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि त्यांपैकी दारूवर अवलंबून असलेले सुमारे २.९ कोटी. उरलेल्या १३ कोटींना आपण ‘अधूनमधून घेतो’ या एका शब्दप्रयोगात सोडून देतो. विद्यार्थी जवळजवळ सगळे त्यातच मोडतात.

हे ‘अधूनमधून’ ग्रॅममध्ये मांडून पाहावे. रूमवर बसलेल्या मुलाचा हिशेब क्वार्टरचा असतो, पेगचा नसतो. क्वार्टर म्हणजे १८० मिलि. व्हिस्की वा रम ४२.८ टक्क्यांची, म्हणजे आत सुमारे ७७ मिलि शुद्ध अल्कोहोल, वजनाने ६१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम वा अधिक अल्कोहोल घेण्याला धोकादायक मद्यपान म्हणते. ‘सर, फक्त एक क्वार्टर घेतली’ असे मुलगा सांगतो तेव्हा त्याने ती रेषा ओलांडलेली असते. आठ टक्क्यांची ६५० मिलिची स्ट्राँग बीअर सुमारे ४१ ग्रॅमची. दोन झाल्या की ८० ग्रॅमच्या वर. आपल्या राज्यात बीअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ हवे. कागदावर बहुतेक विद्यार्थी बसतच नाहीत. म्हणून ते बारमध्ये बसण्याऐवजी भाड्याच्या खोलीत, धरणाच्या कडेला, पावसाळ्यात माळशेजच्या वळणावर बसतात. लपून प्यायची म्हणजे घाईने प्यायची, जेवणाआधी संपवायची आणि परत येताना पुणे-नाशिक महामार्गावर ट्रिपल सीट यायचे. १९ मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अपघातावर राज्यभर चर्चा झाली, ती गाडी पोर्शे होती म्हणून. आपल्याकडे मोटारसायकल असते, आणि बातमी आतल्या पानावर चार ओळींची येते.

अपघातापेक्षाही टाळता येण्याजोगे आहे ते उशिरा आणणे. शुद्ध हरपलेल्या मित्राला मुले ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणून उताणे निजवतात. पिणे थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते, हे त्यांना माहीत नसते. उलटी श्वासनलिकेत जाते, रक्तातली साखर घसरते. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांतल्या कशानेही अल्कोहोल लवकर उतरत नाही. कुशीवर वळवणे आणि तातडीने दवाखान्यात आणणे, एवढे दोनच उपाय, आणि दुसऱ्याच्या आड रेक्टर, वडील आणि पोलीस उभे असतात. मुलींच्या बाबतीत हा उशीर आणखी महाग पडतो. नशेत असलेल्या आणि काय चालले आहे ते समजू न शकणाऱ्या मुलीची संमती कायदा मानत नाही. पण ‘तू तिथे गेलीसच का’ या प्रश्नाच्या धास्तीने ती घरीच थांबते, आणि गर्भनिरोधक गोळी व एचआयव्ही प्रतिबंधक औषधे सुरू करण्याचे ७२ तास निघून जातात.

विद्यार्थ्यांना पिण्याबद्दल आपण विचारू लागलो तर त्याला मान्यता दिल्यासारखे होईल, असा आक्षेप काही ज्येष्ठ डॉक्टर घेतात. तंबाखू आपण प्रत्येकाला विचारतो. त्याने तंबाखूला मान्यता मिळाल्याचे कुणी म्हटलेले नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. साठ रुग्णांच्या ओपीडीत समुपदेशन कुठून आणायचे? गोव्यात ‘संगाथ’ने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून धोकादायक पिणाऱ्या पुरुषांशी संवाद साधला. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. ते रुग्ण विद्यार्थी नव्हते आणि फरक दहाच टक्क्यांचा आहे, हे खरे. पण डॉक्टरचा वेळ न घेता एवढे होत असेल, तर मंचरमधली एक प्रशिक्षित परिचारिका ते करू शकते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. आरोग्य विम्यात मद्यपानाच्या परिणामांवरचे उपचार वगळण्याचे कलम आहे. ‘दारू घेतली होती’ एवढे लिहिले की दावा अडकण्याची शक्यता असते, म्हणून नातेवाईक लिहू नका म्हणतात आणि आपण लिहीत नाही. अपघाताच्या प्रकरणात मात्र असले सौजन्य चालणार नाही. पोलिसांना कळवणे आणि मागणी झाल्यास रक्ताचा नमुना नीट घेणे हे आपले काम आहे; कल्याणीनगर प्रकरणात नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना झालेली अटक कुणी विसरू नये. पण पोलीस प्रकरण आणि ओपीडीतला खासगी प्रश्न यांची गल्लत आपणच करून ठेवली आहे. ताप-खोकल्यासाठी आलेल्या सज्ञान विद्यार्थ्याने पिण्याबद्दल सांगितले, तर ते कॉलेजला वा घरी कळवण्याचे कारण नाही, आणि हे त्याला आधीच सांगायला हवे.

अवसरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन, मंचर-घोडेगावची महाविद्यालये यांत प्रवेश घेणारी मुले फिटनेस सर्टिफिकेटसाठी आपल्याच दारात येतात. सही-शिक्क्याला दोन मिनिटे लागतात. त्यात तीन प्रश्न बसतात: किती वेळा घेतोस, एका वेळी किती, आणि पूर्ण क्वार्टर वा त्याहून जास्त कितीदा होते? प्रश्न सोबतच्या वडिलांना बाहेर बसवून विचारावेत. उत्तर काहीही आले, तरी बेशुद्ध मित्राला कुशीवर कसे वळवायचे ते दाखवावे, आणि १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक सर्टिफिकेटच्या मागे लिहून द्यावा. या प्रवेश-हंगामात ज्यांनी हे करून पाहिले, त्यांनी नावे वगळून आपल्या नोंदी संपादकांकडे पाठवाव्यात.