पत कोणाची, वही कोणाची?

मार्च २००७ मध्ये केनियात सफारीकॉम कंपनीची ‘एम-पेसा’ सेवा सुरू झाली आणि बँकेची पायरी कधी न चढलेल्या लक्षावधी कष्टकऱ्यांना मोबाईलवरून पैसे पाठविण्याचे साधन मिळाले. त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु पैसा पोहोचविणे वेगळे आणि पत निर्माण करणे वेगळे. पत परस्पर विश्वासातून निर्माण होते. हा विश्वास मोबाईलवर नोंदवू पाहणाऱ्यांनी प्रथम एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे: या नोंदीची मालकी कोणाची?

केनियात या विश्वासाची परंपरा जुनी आहे. तेथील ‘चामा’ हे आपल्या भिशीचे व बचत गटाचेच भावंड. सभासद ठरल्या दिवशी जमतात, वर्गणी गोळा होते, ती पाळीपाळीने एकेकास मिळते किंवा गरजूस कर्जाऊ दिली जाते. हप्ता चुकविणाऱ्यास जाब द्यावा लागतो. मात्र तो विचारणारी माणसे त्याची अडचणही जाणतात.

याच विश्वासाचा बाजार मांडला गेल्यास काय होते, हेही केनियाने अनुभवले आहे. मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या काही सावकारांनी कर्जदाराच्या फोनमधील नावांची यादी हस्तगत केली आणि परतफेड थकताच आप्तेष्टांना फोन करून त्याची बेअब्रू केली. नातीगोती हेच वसुलीचे हत्यार बनले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०१९ मध्ये झाला. अशा सावकारांना परवान्याचे बंधन घालणारे नियम २०२२ मध्ये आले. कायदा आला, पण अब्रू गेल्यानंतर!

दुसरी वाटही तेथेच निघाली. मोम्बासातील ‘बांगलादेश’ नावाच्या गरीब वस्तीत मे २०१३ मध्ये छोट्या व्यावसायिकांनी परस्परांच्या हमीवर ‘बांगला-पेसा’ ही देवघेवीची चिठ्ठी सुरू केली. हाती रोकड नाही म्हणून शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील व्यवहार अडू नये, एवढाच हेतू. सरकारने संयोजकांना अटक केली. आरोप त्याच वर्षी मागे घ्यावे लागले. पुढे ही पद्धत ‘साराफू’ या नावाने साध्या मोबाईलवर आली. आपला ‘सराफ’ही याच अरबी कुळातला, पण येथे सराफी वस्तीची स्वतःची आहे.

अर्थात, वस्तीचा विश्वास म्हणजे निखळ सद्गुण, असे मानणे भाबडेपणाचे होईल. २००७ च्या डिसेंबरातील निवडणुकीनंतर उसळलेल्या वांशिक हिंसाचारात अकराशेहून अधिक माणसे मारली गेली आणि द्वेषाचे संदेश मोबाईलवरूनच फिरले. त्याच मोबाईलवरून आलेल्या साक्षी जानेवारी २००८ मध्ये ‘उशाहिदी’ या उपक्रमाने नकाशावर मांडल्या. साधन एकच; फरक हेतूचा आणि ताब्याचा.

म्हणून अशा जाळ्याच्या अटी स्पष्ट हव्यात. ते साध्या फोनवर आणि स्वाहिलीत चालावे. हमी देणारा व घेणारा या दोघांच्या संमतीवाचून नोंद होऊ नये. चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा आणि जाळ्यातून बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येकास असावा. तंट्याचा निर्णय यंत्राने नव्हे, सभासदांच्या सभेने द्यावा. जमातीबाहेरच्या शेजाऱ्यालाही दार खुले असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही वही कोणत्याही सावकारास विकता वा गहाण टाकता येऊ नये.

गरिबाजवळ तारण नसते, शब्द असतो. त्या शब्दाची वही त्याच्याच हाती राहिली पाहिजे.