कुणाची गाडी हलली?

सुरुवातीलाच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात! पण हा विषय मला आमच्या गंगाखेडच्या स्टेशनात समजला, म्हणून मराठीतच लिहिते आहे.

सुट्टी संपवून परत निघाले की कधीकधी गाडी तिथे क्रॉसिंगला थांबते. शेजारची गाडी हलते आणि वाटतं, आपलीच सुटली! मग दुसऱ्या खिडकीतून लिंबाच्या झाडाकडे बघायचं. झाड जागेवर असेल तर आपणही जागेवरच. फिजिक्समधली रिलेटिव्ह व्हेलॉसिटी, दुसरं काय?

चलनांचंही तसंच. 'रुपया घसरला' ही बातमी आली की आपण हळहळतो. पण रुपया खाली आला की डॉलर वर गेला? त्या एका आकड्यावरून कळतच नाही. आणि इथे लिंबाचं झाडही नाही! ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. आता सगळ्याच गाड्या हलत्या. उपाय एकच, एकाऐवजी पाच-सहा गाड्यांकडे बघायचं.

२०२२ चंच घ्या. जानेवारीत डॉलर साधारण ७४ रुपयांना होता, ऑक्टोबरमध्ये ८३ च्या पुढे गेला. सगळीकडे रुपयाच्या नावाने ओरड! पण त्याच वर्षी युरो वीस वर्षांत पहिल्यांदा एका डॉलरपेक्षा स्वस्त झाला आणि डॉलरला १५० येन मोजावे लागले. १०० येन मात्र जानेवारीत साधारण ६४ रुपयांना मिळायचे, ते ऑक्टोबरमध्ये ५६ च्या आसपास आले. म्हणजे येनसमोर आपला रुपया चक्क वधारला होता! अमेरिकेने महागाई रोखायला व्याजदर भराभर वाढवले, पैसा तिकडे ओढला गेला. पळत होता तो डॉलर.

डॉलर इंडेक्स याचसाठी असतो. १९७३ ला १०० धरून तो डॉलरला सहा चलनांशी तोलतो. पण त्यात एकट्या युरोचं वजन ५७.६ टक्के, आणि रुपया तर नाहीच! म्हणजे हाही तराजू सगळ्यांचा नाही.

आता खरी गोष्ट. मागच्या वर्षी एका ॲपवर मी 'स्ट्रेंग्थ मीटर' बघितला. डॉलर हिरवा, येन लाल. जोरात असलेलं घ्या, ढिलं असलेलं विका... किती सोप्पं! मेसचे सहा हजार लावले, लिव्हरेज १:५००. संध्याकाळी अमेरिकेच्या महागाईचे आकडे आले आणि काही मिनिटांत खातं साफ! मीटर काय झालं ते सांगतो, काय होणार ते नाही. आणि १:५०० म्हणजे भाव ०.२ टक्के उलटा फिरला की खेळ खल्लास. हा भागाकार तर सातवीतला पोरगाही करेल, इंजिनिअरिंगच्या मुलीने केला नाही!

नंतर कळलं की असल्या अनधिकृत ॲपवर ट्रेडिंग करणं फेमा कायद्यात बसत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून अशांची सावधगिरीची यादीच काढली आहे. मान्यताप्राप्त एक्सचेंजवर चलनाचे सौदे होतात. पण मे २०२४ पासून रुपयाच्या जोड्यांसाठी तुमची प्रत्यक्ष चलन-जोखीम असावी लागते.

त्याच आठवड्यात पप्पांचा फोन. "डॉलर वाढला म्हणे. आपल्या कापसाला भाव येईल का गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेसचे पैसे त्यांनी कापूस विकूनच पाठवले होते. आज मी त्यांना सांगेन, "पप्पा, नुसता डॉलर बघून चालणार नाही. ब्राझीलही कापूस विकतो. त्यांचं चलन आपल्यापेक्षा जास्त घसरलं, तर गिऱ्हाइकाला त्यांचाच माल स्वस्त पडेल."

म्हणून माझं मत असं, की चलनांची ताकद जरूर शिका, पण जुगारासाठी नको. ज्यांच्या घरचा कापूस, सोयाबीन जगाच्या बाजाराशी बांधलेला आहे, त्या आपल्यासारख्यांनी तर शिकायलाच हवी. कुणी तुम्हाला एकच आकडा दाखवून 'अमुक चलन स्ट्राँग' म्हणालं, तर एवढंच विचारा – कुणासमोर?