झुंजीशिवाय युद्धकला कशी टिकणार?

शिवजयंतीची मिरवणूक कुरुंद्याची असो, वसमतची असो की हिंगोलीची, लाठीकाठीच्या पथकाने रिंगण धरलं की गर्दीचे पाय थबकतात. काठी अशी गरगरते की तिचं टोक दिसत नाही. दांडपट्ट्याच्या एका फटक्यात लिंबाचे दोन तुकडे होतात आणि टाळ्या पडतात. याच भागात जत्रेला कुस्त्यांचा फडही लागतो. दोन्ही खेळ मर्दानी, दोन्हींचा वारसा जुना. फरक एवढाच की फडातला समोरचा पैलवान पडायला तयार नसतो.

पारंपरिक युद्धकलांचा सराव कसा असावा, हा वाद शेवटी याच फरकापाशी येतो. तालमीत वस्ताद डाव शिकवतो, त्याच्याबरोबर तोडही शिकवतो आणि मग दोघांना हौद्यात लढतीला सोडतो. जोडीदार गुमान उभा असेल तर ढाक कुणालाही मारता येते. तो खाली वाकून पटात शिरू लागला की डाव पक्का आहे की कच्चा, हे क्षणात कळतं. ही परीक्षा रोज होत असल्यामुळे कुस्तीत खोटं तंत्र फार काळ तग धरत नाही.

खाशाबा जाधव यांची गोष्ट इथे आठवावी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल लाल मातीत घडला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम त्यांच्यासाठी नवखे होते, तरी ते सहावे आले. त्या अनुभवाच्या जोरावर त्यांनी तयारी केली आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं. मातीचा वारसा त्यांनी सोडला नाही, पण जिथे लढायचं तिथल्या नियमांनुसार सराव केला. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनेही पुण्याच्या तालमींत गादीवर घाम गाळला आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं.

शस्त्रविद्येच्या वाट्याला अशी रोजची परीक्षा आली नाही. लढाया संपल्या, 1878 च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना शस्त्र बाळगणं गुन्हा ठरलं आणि हळूहळू प्रात्यक्षिकालाच महत्त्व आलं. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या मानाबरोबर सरावाचा दर्जाही वाढायला हवा.

यावर अनेक प्रशिक्षकांचं उत्तर ठरलेलं असतं: आमचे वार जीवघेणे आहेत, ते खरोखर करून कसे बघणार? प्रश्न रास्त आहे. धारदार पट्ट्याने कुणी झुंजू नये. पण याचं उत्तर परंपरेतच आहे. फरीगदगा म्हणजे हातात लहान ढाल आणि चामड्याने मढवलेली काठी. जीव न गमावता तलवारीची झुंज शिकता यावी, यासाठीच हे साधन घडलं. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युडोची स्थापना केली, तेव्हा घातक प्रहार मुक्त झुंजीतून काढून ठरलेल्या हालचालींच्या सरावात ठेवले. त्यामुळे उरलेल्या फेका आणि पकडी पूर्ण ताकदीने आजमावता आल्या. शेजारच्या नांदेडला, हजूर साहिबच्या परिसरात, शिखांचा गतका पाहायला मिळतो. त्याच्या स्पर्धांत दोन खेळाडू काठी आणि फरी घेऊन समोरासमोर येतात, अंगाला स्पर्श झाला की गुण मिळतो. हरियाणात पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतही गतक्याचा समावेश होता. लाठीकाठीला हे का जमू नये?

एकट्याने केलेले हात निरुपयोगी आहेत, असं कुणी समजू नये. त्यांनी खांदा मोकळा होतो, पाय जागेवर पडतात आणि विद्या पुढच्या पिढीकडे जाते. मात्र त्यावर थांबणं धोक्याचं आहे, आणि सर्वांत मोठा धोका मुलींना आहे. सरकारी शाळांत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणाखाली मुलींना तीन महिने स्वसंरक्षणाचे धडे दिले जातात. रांगेत उभं राहून हवेत ठोसे मारणाऱ्या मुलीचं मनगट कुणी खरोखर घट्ट धरलंच नसेल, तर प्रसंग ओढवल्यावर तिचं अंग गोठू शकतं. शिकल्याचा खोटा भरवसा देणं हा तिच्यावर अन्याय आहे.

नीट आखलेलं प्रशिक्षण किती उपयोगी पडतं, हे कॅनडात दिसलं. तिथल्या तीन विद्यापीठांतल्या 893 विद्यार्थिनींच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. धोका ओळखणं, ठामपणे नकार देणं आणि प्रत्यक्ष प्रतिकार असा बारा तासांचा अभ्यासक्रम केलेल्या मुलींमध्ये वर्षभरात बलात्काराचं प्रमाण 5.2 टक्के होतं. माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ते 9.8 टक्के होतं.

म्हणून हिंगोली जिल्ह्यातल्या शाळा, तालमी आणि लाठीकाठीच्या मंडळांनी एवढं तरी ठरवावं: प्रत्येक तासाचा काही वेळ विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर जावा. आधी हलका जोर, मग वाढता. डोक्याला शिरस्त्राण, हाताला मोजे, काठीला मऊ आवरण आणि जोडी लावताना वजन-वयाचं भान असावं. मुलींच्या वर्गात ओरडणं, पकड सोडवणं आणि पळून जाणं यांचा सराव आधी व्हावा, लाथा-ठोशांचा नंतर. वर्षाअखेरीस जिल्हा क्रीडा कार्यालयाने फरीगदग्याच्या लढती भरवाव्यात आणि प्रशिक्षकांची निवडही त्यांचे विद्यार्थी तिथे कसे लढतात, हे पाहून करावी.