करप्यावर चालणारं औषध हरण्यावर का चालत नाही? उत्तर आहे सजीवांच्या वर्गीकरणात

पावसाळ्यात रावेर, यावल, मुक्ताईनगर पट्ट्यातल्या केळीबागांमध्ये पानांवर पिवळसर खुणा दिसल्या की शेतकऱ्यांची झोप उडते. हा करपा आहे की हरण्या? सुरुवातीला दोन्ही सारखेच वाटू शकतात. पण करपा समजून हरण्यावर बुरशीनाशक मारलं, तर पैसे जातात आणि रोग तसाच राहतो.

असं का होतं, हे समजून घ्यायचं तर शाळेतल्या विज्ञानाकडे वळावं लागेल.

पाच सृष्टी कोणत्या?

अठराव्या शतकात कार्ल लिनियस यांनी सजीवांचे दोनच गट केले होते : वनस्पती आणि प्राणी. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट व्हिटाकर यांनी मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी अशी पाच सृष्टींची मांडणी केली. शालेय पुस्तकांतून शिकवली जाते ती हीच.

यात कवकांना, म्हणजे बुरशीला, वेगळं घर मिळालं. बुरशी एका जागी वाढते, पण स्वतःचं अन्न तयार करत नाही. आज तर जनुकांच्या अभ्यासावरून बुरशीचं नातं वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी जवळचं मानलं जातं.

करपा, म्हणजेच सिगाटोका, हा बुरशीजन्य रोग आहे. त्यावर वापरलं जाणारं प्रोपिकोनॅझोल बुरशीच्या पेशीचं आवरण घडवणाऱ्या एर्गोस्टेरॉल या घटकाची निर्मिती रोखतं.

मग हरण्या कुठल्या सृष्टीत?

कुठल्याच नाही. हरण्या होतो कुकुंबर मोझॅक व्हायरसमुळे, म्हणजे सीएमव्हीमुळे. विषाणूला स्वतःची पेशीच नसते. तो झाडाच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या प्रती तयार करून घेतो. म्हणून व्हिटाकर यांच्या पाच सृष्टींत त्याला जागा नाही. जिथे पेशीच नाही, तिथे पेशीच्या आवरणावर घाव घालणारं औषध काय करणार?

हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो मावा. तो मात्र प्राणी सृष्टीतला कीटक आहे. त्यामुळे रोगट झाड उपटून नष्ट करणं, माव्याचा बंदोबस्त करणं आणि बागेत काकडीवर्गीय पिकं, मिरची, टोमॅटो न घेणं, हेच उपाय उरतात.

सृष्टीच्या वरचा मजला : डोमेन

१९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं, की जीवाणूंसारखे दिसणारे काही सूक्ष्मजीव जनुकीयदृष्ट्या अगदी वेगळे आहेत. त्यातून १९९० मध्ये तीन डोमेनची मांडणी पुढे आली : जीवाणू, आर्किया आणि केंद्रक असलेल्या पेशींचे युकॅरिया. केळी, करप्याची बुरशी आणि मावा हे तिघंही युकॅरियात येतात. आर्किया शोधायला फार लांब जायला नको. गोबर गॅसच्या टाकीत मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव आर्कियाच असतात.

धुळे जिल्ह्यातल्या कपाशीत तर दोन डोमेन एकत्र आलेत. देशात २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचं जनुक आहे. त्यातून बनणारं प्रथिन बोंडअळ्यांच्या आतड्यावर हल्ला करतं. पण याच कपाशीवर मावा आणि तुडतुडे येतातच. अळी आणि मावा दोघंही कीटक असले, तरी त्यांचे गण वेगळे आहेत. म्हणजे सृष्टी ओळखणं ही फक्त पहिली पायरी. त्यातही गुलाबी बोंडअळीने आता या प्रथिनाला दाद न देण्याची क्षमता कमावली आहे.

म्हणूनच पानावर डाग दिसला, की कोणतं औषध मारायचं हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न, हा डाग पाडणारा नेमका कोण? बुरशी, जीवाणू, कीटक की विषाणू? उत्तर चुकलं, तर त्याची किंमत फवारणीच्या बिलात आणि वाया गेलेल्या दिवसांत मोजावी लागते.