हॉट टबची जागा : उतरण्याआधी बाहेर पडण्याचा विचार

गरम पाण्याने दुखरे अंग शेकण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात उनकेश्वरचे उष्ण झरे पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत, आणि घरोघरी बंब व घंगाळ ही जोडी कालपरवापर्यंत नांदत होती. आता नांदेड-लातूरच्या काही घरांत हॉट टब येऊ लागला आहे. परगावी नोकरी करणारी मुले आईवडिलांच्या गुडघेदुखीसाठी तो आवर्जून घेतात. आकार, रंग आणि किंमत यांची चर्चा भरपूर होते. जागेचा प्रश्न मात्र टब दारात आल्यावर निघतो आणि मोकळी म्हणून बहुधा गच्ची सुचवली जाते. ज्येष्ठांच्या बाबतीत हा क्रम उलटा असावा. जागा आधी, टब नंतर.

प्रथम गच्चीचा विचार करू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन मीटर लांबी-रुंदीच्या टबात हजार लिटर पाणी धरले आणि टबाचे व दोन माणसांचे वजन त्यात मिळवले, तर एकूण भार चौदाशे किलोंच्या आसपास जातो. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३५० किलो. भारतीय मानकानुसार वापरातल्या गच्चीचा आराखडा करताना साधारण १५० किलो आणि राहत्या खोलीसाठी २०० किलो भार धरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळून किती माणसे दगावली, हे लातूर-धाराशिवकरांना सांगायला नको. डोक्यावर नवे ओझे चढवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याची लेखी संमती घ्यावीच. शिवाय गरम पाण्यातून निघालेल्या, किंचित भोवळ आलेल्या माणसाने ओल्या पायांनी जिना उतरणे हा धोका कोणत्याही अभियंत्याला टाळता येणार नाही. म्हणून टब तळमजल्यावरच असावा.

अंगणात किंवा परसात बसवायचा असेल, तर मातीकडे लक्ष द्यावे. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी टाकली, तर टब एका बाजूला कलतो आणि कड उंच-सखल होते. काळी माती काढून मुरूम ठोकून भरावा, त्यावर सळईचे काँक्रीट घालावे. टबाचे पाणी सोडण्याची वाट घराच्या पायापासून दूर न्यावी. भोवतालची फरशी खरबरीत असावी. गुळगुळीत शहाबादी फरशीवर पाणी आणि शेवाळ एकत्र आले की तरुणांचाही पाय घसरतो.

आता मुख्य मुद्दा. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवतो. म्हणून जागा ठरवताना विचारावे : येथे आजोबांना भोवळ आली, तर त्यांची हाक कोणाला ऐकू येईल आणि दोन माणसे त्यांना कोणत्या बाजूने उचलतील? स्वयंपाकघर किंवा बैठकीची खोली हाकेच्या अंतरावर असावी. टबाच्या निदान तीन बाजूंना माणूस वाकून उभा राहू शकेल एवढी, सुमारे तीन फूट जागा मोकळी ठेवावी. टब न्हाणीघरात असेल, तर दार बाहेर उघडणारे असावे आणि कडी बाहेरूनही काढता यावी. बंद न्हाणीघरात गॅस गिझर ठेवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासाशिवाय जीव घेतो. हाताला धरायची दांडी भिंतीत पक्की बसवावी, टॉवेल अडकवायच्या नळीवर भरवसा ठेवू नये.

विजेचे बटण टबातून हात पोहोचणार नाही इतके दूर असावे. उत्तम अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांवाचून जोडणी घेऊ नये. वीज गेल्यावर अंधारात बाहेर पडण्याची वेळ येऊ नये, म्हणून तेथील दिवा इन्व्हर्टरवर घ्यावा. घरात नातवंडे असतील, तर कुलूप लागणारे झाकण हवेच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात हजार लिटर वारंवार बदलणे परवडणारे नाही. पण साठवलेल्या कोमट पाण्यात फुप्फुसाला घातक जंतू वाढू शकतात. गाळणी आणि क्लोरीनची नियमित तपासणी शक्य नसेल, तर टब न घेणेच शहाणपणाचे.

ज्येष्ठांसाठी पाणी ३७-३८ अंशांपर्यंत पुरे. ४० च्या वर कधीही नको. दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ बसू नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तापमान पायाने न अजमावता तापमापीने पाहावे. हृदयविकार, उघडी जखम किंवा ताप असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

टब विकत घेण्यापूर्वी एक सोपी तालीम करावी. ठरवलेल्या जागी खडूने टबाचा आकार आखावा, मध्ये खुर्ची ठेवून ज्येष्ठांना बसवावे आणि घरात एरवी जेवढी माणसे असतात, तेवढ्यांनीच त्यांना उठवून खोलीपर्यंत न्यावे. हे सहज जमले, तर जागा योग्य. जमले नाही, तर स्टुलावर बसून कोमट पाण्याच्या घंगाळात पाय सोडून बसावे. दुखऱ्या पायांना त्यानेही आराम मिळतो आणि घरातले निर्धास्त राहतात.